‘चपटी कमान’ या अभिप्रायास आमचे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या कामाला एकच तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी तीन-चार वेळा वाचला. आपले म्हणणे असे की, हॉल आणि जेवणाची खोली यांच्या मधल्या दाराला फोटोसारखी पूर्ण अर्धगोल कमान हवी होती, ती आम्ही चपटी करून दिली, आठ दिवस सांगून एकोणीस दिवस लावले, घरभर धूळ केली, कमानीच्या डाव्या अंगाला तडा गेला, त्यामुळे ती खाली येईल की काय अशी भीती वाटते, आणि शेवटी, “साहित्य वाचवण्यासाठी गोलाई कमी केली, कारागीर अडाणी आहेत.”

धुळीबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. जुना गिलावा ग्राइंडरने कापताना दोन्ही खोल्यांना प्लास्टिकचे पडदे लावायला हवे होते, ते एकाच बाजूला लावले गेले आणि आपल्या सोफ्यावर, देवघरावर धूळ बसली. उशिराबद्दलही दिलगीर आहे. आमचे सुतार घरच्या लग्नासाठी चार दिवस गावी गेले, हे मी आपणास आधी कळवायला हवे होते. उरलेल्या दिवसांचा हिशेब मी येथे मांडत बसत नाही, कारण त्यातले काही आपलेही आहेत. २४ मे रोजी आपल्या घरी साक्षगंध होते आणि २३ तारखेच्या रात्री रंगाचा शेवटचा हात मारून आम्ही बाहेर पडलो, एवढेच नमूद करतो.

परंतु साहित्य वाचवल्याचा जो आरोप आपण चारचौघांत केला आहे, तो मी मुकाट्याने सोडू शकत नाही. बावीस वर्षे मी नागपुरात हे काम करतो. त्याआधी माझे वडील इथल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांची डागडुजी करीत आणि खऱ्या विटांच्या कमानी फर्म्यावर, म्हणजे लाकडी साच्यावर, बांधून, गारा सुकल्यावर फर्मा खाली घेत. आमच्या घरात मापाची चोरी हा शब्द कोणी उच्चारलेला मला आठवत नाही.

आता मापे पाहावीत. आपल्या दाराची रुंदी ४८ इंच आहे आणि वरच्या लिंटेलचा, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईचा, तळ जमिनीपासून ८४ इंचांवर, म्हणजे सात फुटांवर आहे. पूर्ण अर्धगोल म्हटला की त्याची उंची रुंदीच्या निम्मी, म्हणजे २४ इंच होते आणि ती कमी करता येत नाही. याचा अर्थ गोलाई जमिनीपासून अवघ्या पाच फुटांवर सुरू झाली असती. कडेपासून चार इंच आत मोजले तर उंची जेमतेम सहा फूट एक इंच भरते, आणि आपले चिरंजीव तेवढेच उंच आहेत. आपण पाठवलेल्या फोटोतले छत बरेच उंच आहे, त्या घराला तो अर्धगोल शोभतो. आपल्याकडे तसाच हवा असेल तर लिंटेल फोडून वर न्यावा लागेल, आणि स्लॅबचा भार पेलणाऱ्या नऊ इंची भिंतीतला लिंटेल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय आणि खालून टेकू दिल्याशिवाय मी तरी हलवणार नाही. ही गोष्ट मी पहिल्याच भेटीत आपल्या ओट्यावर बसून सांगितली होती.

म्हणून आम्ही १२ इंच उंचीची गोलाई सुचवली. तिची त्रिज्याही अंदाजाने घेतलेली नाही. निम्म्या रुंदीचा वर्ग ५७६, उंचीचा वर्ग १४४, दोन्हींची बेरीज ७२०, तिला उंचीच्या दुपटीने, म्हणजे २४ ने भागले की ३० इंच येतात. जमिनीपासून साडेचार फुटांवर मध्यबिंदू धरून तीस इंचांचा कंस काढला की तो लिंटेलच्या तळाला बरोबर टेकतो. ज्या कारागिरास आपण अडाणी म्हटले, ते शाळेत फार शिकलेले नाहीत हे खरे, पण सुतळी ताणली की वाढते आणि कंस फसतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून त्यांनी लाकडी पट्टीला एका टोकाला खिळा ठोकला, तीस इंचांवर छिद्र पाडून त्यात पेन्सिल घातली आणि प्लायवर एकाच दमात कंस ओढला. पहिला फर्मा कापल्यावर त्यावरूनच दुसरा कापला, दोन्ही एकावर एक ठेवून कडेवरून बोट फिरवले आणि जिथे केसभर अडकले तिथे पॉलिश पेपर मारला. आपण त्या वेळी चहा घेऊन समोरच उभे होता.

आता राहिला साहित्याचा प्रश्न. पूर्ण अर्धगोलासाठी वरचे दोन कोपरे भरायला एका बाजूने सुमारे २४७ चौरस इंच बोर्ड लागतो; आताच्या कमानीला सुमारे १७३ लागला. फरक ७४ चौरस इंचांचा, म्हणजे दोन्ही बाजू धरून साधारण एक चौरस फूट. त्याच्या किमतीत तर्री-पोह्यांची एखादी प्लेट येईल. उलट आतल्या कडेला जे वाकणाऱ्या प्लायचे अस्तर फिरवले, ते उभ्या बाजूंसह मोजले तर अर्धगोलाला सुमारे १९५ इंच लागले असते आणि या कमानीला सुमारे १९९ लागले, कारण गोलाई कमी झाली तरी बाजूच्या सरळ पट्ट्या फूट-फूट वाढल्या. म्हणजे चपट्या कमानीत आमचे चार इंच अस्तर जास्तच गेले. ते मी बिलात धरले नाही आणि धरण्याचा विचारही माझ्या मनाला शिवला नव्हता, पण चोरीचा आरोप झाल्यावर माणूस इंचही मोजायला लागतो.

आणि त्या रविवारची संध्याकाळही आपणास आठवत असेल. फर्मा कापण्याआधी आम्ही पुठ्ठ्याचे दोन्ही आकार कापून आपल्या दारात चिकटपट्टीने लावले. आपले चिरंजीव आधी अर्धगोलाखालून कडेने गेले आणि आपोआप मान वाकवून गेले. मग दुसऱ्याखालून सरळ गेले. आपण स्वतः म्हणालात, “हीच बरी दिसते,” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर त्याच पुठ्ठ्याच्या फोटोखाली अंगठा पाठवलात. सौ. वहिनी त्या दिवशी माहेरी होत्या आणि त्यांच्या मनात फोटोतलाच आकार होता, हे मला रंगकाम झाल्यावर कळले. घरातल्या गोष्टीत मी पडणे बरे नव्हे, पण तो निरोप वेळेत आला असता तर फर्मा कापला गेला नसता.

तड्याविषयीची भीती मात्र कृपया मनातून काढून टाकावी. वडील बांधत त्या कमानींवर भिंतीचा भार असे. आपल्या कमानीवर कोणताही भार नाही. स्लॅबचा आणि भिंतीचा भार पूर्वीसारखाच वरच्या लिंटेलवर आहे, आणि कमान ही त्याच्या खाली बाजूच्या भिंतींना पक्क्या केलेल्या चौकटीवर चढवलेली सजावट आहे. तडा जुना गिलावा आणि नवा बोर्ड जिथे भेटतात त्या सांध्यावर आला आहे, कारण दोन वेगळ्या वस्तू उन्हाने आणि ओलीने सारख्या वाढत नाहीत. त्या सांध्यावर आम्ही जाळीची पट्टी एकच थर लावली, दोन लावायला हव्या होत्या, ही चूक मी मान्य करतो. त्याच वेळी हेही सांगणे भाग आहे की, पुट्टी ओली असताना कूलर त्या दाराकडे तोंड करून लावू नये, अशी विनंती मी दोनदा केली होती. मे महिन्यातल्या नागपुरात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, कूलर बंद ठेवा असे म्हणण्याइतका मी निर्दय नाही. त्याचे तोंड फक्त खिडकीकडे वळवायचे होते. पण पाहुणे येणार होते आणि कूलर जिथे होता तिथेच राहिला. दिवसभर कोरडी झळ आणि रात्रभर ओला वारा, असे पाच दिवस त्या सांध्याने काढले.

आपला अभिप्राय आल्यापासून दोन घरांनी ठरलेली कामे ‘पाहू, पावसाळ्यानंतर’ म्हणून पुढे ढकलली आहेत. कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. माझ्याकडे चार माणसे रोजावर आहेत आणि पावसाळ्यात तशीही कामे कमी असतात. आपण तारे वाढवावेत असे मी म्हणत नाही, परंतु ‘साहित्य वाचवले’ हे तीन-चार शब्द, वरील मापे स्वतः टेपने मोजून पाहिल्यावर, आपणास योग्य वाटल्यास काढावेत. टेप नसेल तर मी पाठवतो.

यापुढे ठरलेला आकार कागदावर काढून घरातल्या सर्वांना दाखवण्याचा आणि धूळ झाकण्याकडे जास्त लक्ष देण्याचा आमचा प्रयत्न राहील. तड्याचे काम आम्ही विनामूल्य करून देऊ: सांधा थोडा उघडून, भरून, दोन थर जाळीची पट्टी, पुट्टीचे दोन हात आणि रंग, असे साधारण तीन दिवस लागतील, कारण पावसाळी हवेत पुट्टी लवकर सुकत नाही. वहिनींना अजूनही पूर्ण अर्धगोलच हवा असेल तर तोही करता येईल. साहित्य माझे, मजुरी मात्र घ्यावी लागेल, आणि चिरंजीवांना एकदा विचारून घ्यावे.

कोणत्या दिवशी यावे ते फोनवर सांगावे, सकाळी नऊनंतर कधीही. उरलेल्या रंगाचा अर्ध्या लिटरचा डबा आम्ही आपल्या माळ्यावर, जुन्या कूलरच्या मागे ठेवला आहे. तो कृपया कोणाला देऊन टाकू नये, नव्या डब्यात नेमकी तीच छटा जुळत नाही.

आपला नम्र,
मालक, नागपूर