आधी पूर्ण बघ, मग बोल की भावा!

'डॉक्टर हू' ह्या इंग्रजी विज्ञानकथा मालिकेचा नवा एपिसोड आला की रंकाळ्यावर आमच्या टोळक्यात एक शहाणा ठरलेला. एपिसोड अर्धाच बघितलेला, तोही दीडपट स्पीडनं. भेळेचा पुडा हातात पडायच्या आत ह्याचं सुरू, "असलं कुठं असतंय व्हय? बाहेरून खोकं आन् आत एवढा वाडा?" अरे लेका, मालिकेचा नायक 'डॉक्टर' ज्यातून काळात फिरतो, ती निळी पेटी १९६३ पासून आतून मोठीच आहे!

मग गाडी डॉक्टरच्या बदलत्या चेहऱ्यावर. १९६६ साली पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, म्हणून काढलेली ही युक्ती: डॉक्टर मरायला टेकला की नव्या चेहऱ्यानं उभा राहतो, म्हणजे नट बदलता येतो. मालिका अजून तिच्यावर तगून आहे. दर वेळी सांगायचं. दर वेळी हा वरची शेव तेवढी वेचून खाणार (माझ्या पुड्यातली!) आणि म्हणणार, "ते खरं, पण पटत नाही." घरी सासू-सुनांच्या मालिकेत प्लास्टिक सर्जरी करून मेलेला नवरा परत येतो, ते मात्र बरोबर पटतंय.

वर शेवट कुठंतरी वाचून आलेला असतो, तो सगळ्यांसमोर फोडतो. कुणी ओरडलंच तर तोंड वर करून, "मग लवकर बघायचा की!"