सरकलेला मणका मालिशने जागेवर बसतो का?

‘मणका कितीही सरकलेला असो, जाणकाराने झटका दिला की जागेवर बसतो, ऑपरेशन केलं तर पाय जातात,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

वरचा मणका खालच्यावरून २५ टक्क्यांपर्यंत सरकला तर पहिली श्रेणी. तिथे बहुतेकांचं व्यायाम आणि औषधांवर भागतं. ५० टक्क्यांच्या पुढे मात्र प्रकरण गंभीर. तिथे झटका देणं म्हणजे आधीच दबलेल्या नसेशी खेळ.

ऑपरेशनमध्ये नसेवरचा दाब काढतात, मणक्यांत स्क्रू-सळ्या बसवतात आणि हाडाचे तुकडे भरतात. स्क्रू फक्त धरून ठेवतात. खरा जोड हाड जुळल्यावरच, आणि त्याला काही महिने लागतात. मणका पूर्ण मागे ओढायचा की आहे तिथेच जोडायचा, यावर सर्जनांतही मतभेद आहेत. जास्त ओढलं तर कमरेच्या पाचव्या नसेला ताण बसतो, पाऊल वर उचलता येत नाही. हा धोका खरा आहे, पण ‘पाय जातातच’ हे खोटं.

लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.