डोळे योजनेत बसत नाहीत

सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सोय सुरू झाली आणि आईचं त्यासाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड आम्ही हौसेने काढलं. तिला मोतीबिंदू आहे. आता फक्त जवळपासचा, कार्ड चालणारा डोळ्यांचा डॉक्टर शोधायचा होता. फक्त!

कार्डाचाही एक किस्साच झाला. भांडी घासून आईच्या बोटांचे ठसे पुसलेले, मशीन घेईना. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "आजी, डोळा लावा इथे." ज्या डोळ्यासाठी कार्ड हवं तोच पुरावा! मशीनला तो लगेच पटला. पुढे कुणाला पटला नाही.

'अंगीकृत', म्हणजे योजनेत सामील रुग्णालयांची यादी असते. त्यातले निम्मे फोन उचलत नाहीत. एकाने उचलून सांगितलं, "पॅकेजचे सरकारी दर परवडत नाहीत, आम्ही सोडली योजना." शेवटी एक हॉस्पिटल सापडलं. दारावरच्या पाटीवर हा एवढा मोठा डोळा रंगवलेला. आत गेलो.

"इथे योजना आहे ना?"

"आहे की," योजनेच्या टेबलावरचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र म्हणाला.

"आणि डोळ्यांचे डॉक्टर?"

"ते पण आहेत. अकराला येतात."

"मग मोतीबिंदूचं..."

"डोळे नाहीत योजनेत. हाडं आहेत."

म्हणजे मान्यता विभागवार असते, आणि या हॉस्पिटलला ती हाडांपुरतीच. डोळे रोख.

बाकावर हाताला प्लॅस्टर घातलेले एक काका बसले होते. त्यांनी आमचा ताबा घेतला. "ताई, माझं बघा. आधी योजनेत बसलं, मग हाड जागेवर बसलं. एक रुपया नाही." मग आईकडे वळून, "मावशी, गुडघ्याचं काही?"

"नाही हो. दिसत नाही मला."

"खुबा? मणका?" काका आशा सोडेनात. आरोग्यमित्रही मान वर करून ऐकू लागला. आईने सगळी हाडं ठणठणीत असल्याचं जाहीर केलं, त्यावर काकांचा चेहराच पडला. थोडा विचार करून ते मला धीर देत म्हणाले, "काळजी करू नका. दिसत नाही म्हणजे आज ना उद्या पडतीलच. पडल्या की लगेच इथे आणा. सगळं फुकटात होतं."

आरोग्यमित्राने मान डोलावली. मला हसूही आलं आणि तळपायाची आगही मस्तकात गेली. कारण काका चुकीचं बोलत नव्हते. योजना भरती होणाऱ्यांची. डोळे तपासणं, थेंब, चष्मा यातलं काही तिच्यात नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माणूस त्याच दिवशी घरी येतो. तरी केंद्र सरकारच्या पॅकेजांत ते आहे, पण आमच्या भागात ते करणारं कुणी यादीत नाही. माणूस मोडल्याशिवाय सरकारच्या नजरेत भरत नाही. अकराला डॉक्टर आले ते खरं, पण त्यांच्या माणसाने आधी लेन्स 'भारतीय की इम्पोर्टेड' एवढंच विचारलं. हॉटेलात बसल्यासारखं वाटलं.

शेवटी जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय गाठलं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, तिथे हे ऑपरेशन मोफतच होतं. रांग लांबलचक, पण तारीख मिळाली. मी अभिमानाने कार्ड पुढे केलं.

"ते असू दे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "आधारची झेरॉक्स द्या. दोन."