कोकण मार्गदर्शिकेवरच्या दोन-स्टार अभिप्रायाला प्रकाशकाकडून उत्तर

नमस्कार,

दिवाळीत तुम्ही सहकुटुंब गाडी काढून अलिबाग, हर्णै, गुहागर, राजापूर करत मालवणपर्यंत गेलात, आमची कोकण किनाऱ्याची मार्गदर्शिका सोबत नेलीत आणि परत आल्यावर तिला दोन स्टार दिलेत. तक्रारी थोडक्यात अशा: हॉटेलांची यादी नाही, दर नाहीत, रंगीत फोटो नाहीत, तारकर्लीला अर्धं पान आणि ‘कातळावरच्या रेघांना’ सहा पानं, अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यासाठी चक्क पंचांग बघायला सांगतात, फेरीबोटीच्या वेळा नाहीत, आणि एकूण ‘सगळं मोबाइलवर फुकट मिळतं, साडेतीनशे रुपये पाण्यात’. पुस्तक खरोखर सोबत नेऊन, वापरून कुणी इतकं लिहितं तेव्हा आम्हा गिरगावातल्या छोट्या प्रकाशकांना त्याचं मोल फार असतं. म्हणून उत्तरही नीट देतो.

सुरुवात पंचांगापासून करतो, कारण त्या मुद्द्यावर मी ठाम आहे. भाऊबीजेला दुपारी एकच्या सुमारास अलिबागला पोहोचलात, किल्ल्याभोवती पाणी होतं आणि चालत जाता आलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी, त्या वेळी पाणी असणारच होतं. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब करतात: तिथीची पाऊणपट काढायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि ओसरतंही जास्त. त्यामुळे त्या सकाळी वाळू चांगली उघडी पडलेली असते. हे सगळं अलिबागच्या प्रकरणात पहिल्याच परिच्छेदात आहे, खाली दिवाळीचं उदाहरणही दिलंय. कारण दिवाळीत मुंबईहून सकाळी निघून दुपारी पोहोचणाऱ्या प्रत्येकाची हीच गत होते. आदल्या रात्री मुक्कामाला जा किंवा किल्ला परतीच्या प्रवासात ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. घरी पंचांग नसलं तरी कालनिर्णय भिंतीवर असतंच.

कातळशिल्पांच्या, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या चित्रांच्या, सहा पानांबद्दल. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी ही ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली, म्हणून ती पानं वाढवलेली नाहीत. पानं वाढली ती सड्यावर गेल्यावर काही दिसत नाही म्हणून. जांभा दगडाचं उघडं पठार, सावलीला झाड नाही, रस्ता म्हणजे नुसती पायवाट. माणूस कोरलेल्या चित्रावर उभा राहून ‘कुठंय चित्र?’ म्हणून विचारतो. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा आहे की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हेच कळत नाही, कडेकडेने चालत पाय, सोंड, पाठ ओळखत जावं लागतं, आणि त्याच्या अंगात आणखी प्राणी कोरलेले आहेत ते वेगळेच. त्यात उन्हाची वेळ महत्त्वाची. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की खोदलेल्या रेघेत सावली साचते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी सगळा सडा सपाट आणि चकचकीत. तुम्ही बाराला गेलात आणि ‘रेघा’ दिसल्या, यात तुमची रसिकता कमी पडली असं मी अजिबात म्हणणार नाही. पण ते प्रकरण आदल्या रात्री वाचलं असतंत तर राजापूरचा सगळा दिवस उलटा लावला असतात, आधी कशेळी आणि मग धूतपापेश्वराचं देऊळ. तारकर्लीला उतरल्यावर मात्र दहा माणसं येऊन स्नॉर्केलिंगची माहिती देतात. तिथे अर्धं पान पुरे आहे आणि पुढच्या आवृत्तीतही तेवढंच राहील.

हॉटेलांची यादी आम्ही देत नाही, हे जाणूनबुजून. दर हंगामागणिक बदलतात, फोन नंबर बदलतात, चालवणारी माणसंही बदलतात, आणि नाव छापून यावं म्हणून पैसे देऊ करणारेही भेटतात. त्याऐवजी कुठे काय विचारायचं ते दिलंय. गुहागर, आंजर्ले, केळशी इथल्या बऱ्याच घरगुती निवासांत जेवण फक्त शाकाहारी असतं. मासे खायचे असतील तर हर्णै किंवा मालवणचा मुक्काम धरावा. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे लागतात. तुमच्या घरच्यांची गुहागरला जी निराशा झाली, ती या दोन ओळींनी टळली असती.

फोटो नाहीत कारण साध्या कागदावर काळ्या रेघांचे नकाशे हवे होते, उन्हात वाचता येणारे. रंगीत आर्टपेपर वापरला असता तर किंमत तुम्हालाच जड झाली असती.

मोबाइलवर सगळं मिळतं, हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि मी स्वतः वापरतो. पण त्यावर मिळतं ते कुणाचं तरी त्या दिवशीचं मत. गणपतीपुळ्याच्या समुद्राला ‘शांत, सुंदर, मुलांसाठी छान’ असं लिहिणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो शांत दिवशी गेलेला असतो. त्या किनाऱ्यावर बुडून माणसं गेली आहेत, आणि आमच्या पुस्तकात त्या पानावर सर्वांत वर ठळक अक्षरांत एकच वाक्य आहे: इथे पोहायला उतरू नका. या एका वाक्यासाठीसुद्धा हे पुस्तक काढायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

मार्गदर्शिका उपयोगी आहे की नाही हे कसं ठरवावं, याबद्दल वाचकांना मी एक सांगत असतो. दुकानात उभ्या उभ्या तुमच्या माहितीच्या गावाचं पान उघडा. आजोळ देवरुखला असेल तर देवरुखचं, सासर वेंगुर्ल्याचं असेल तर तिथलं. त्या पानावर एस.टी. कुठे सोडते, स्टेशन गावापासून किती लांब, पावसाळ्यात काय बंद असतं हे बरोबर असेल तर न पाहिलेल्या गावांच्या पानांवरही भरवसा ठेवायला हरकत नाही. नुसतं ‘निसर्गसौंदर्याने नटलेलं’ असेल तर पुस्तक परत ठेवा, आमचं असलं तरी.

फेरीबोटींबद्दल. दाभोळ-धोपावे, वेशवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ, चारही नकाशात ठळक आहेत, कारण त्यांच्यावर प्रवासाचा सगळा हिशेब फिरतो. दाभोळला खाडी ओलांडली नाही तर दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूण फिरून जावं लागतं. वेळा मात्र मूळ पुस्तकात नाहीत. बदलणाऱ्या गोष्टी आम्ही वेगळ्या पुरवणीत छापतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांऐवजी 60 दिवसांवर आलं, तेही तिथेच आहे. पुरवणी तुमच्या प्रतीत मागच्या कव्हराच्या आत असेल. गळून पडली असेल तर इथेच कळवा, नवी मोफत पाठवतो. पुस्तक नकोच असेल तर दुकानात आणून द्या, पूर्ण पैसे परत मिळतील.

शेवटी तुम्ही लिहिलंय की होळीला श्रीवर्धन-हरिहरेश्वर करणार आहात. मग एवढं ध्यानात ठेवा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या कडेने कातळावरून जाते आणि ती फक्त ओहोटीलाच चालण्यासारखी असते. होळी पौर्णिमेला आणि धुळवडीला भरती साडेअकरा ते एकच्या दरम्यान येईल, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहाच्या आसपास. उजाडल्या उजाडल्या उतरा, पाणी चढू लागायच्या आत वर या, आणि मुलं सोबत असतील तर पायऱ्या उतरण्याआधी देवळात विचारून घ्या. दिवस उधाणाचे आहेत, लाट एकदम वर येते.

— प्रकाशक