पहाटे २ वाजून ४१ मिनिटांची नोंद

व्हिएन्नात बसून मी भारतातल्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट सांभाळते. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी तिथे मराठीत माहिती आहे: तक्रार कुठे करायची, कुठली कागदपत्रं हाताशी ठेवायची, रात्रीतून घर सोडावं लागलं तर काय. परवाच्या ऑनलाइन बैठकीत विषय निघाला, की वेबसाइटला गूगल अ‍ॅनालिटिक्स (वेबसाइटवरच्या भेटी मोजणारी गूगलची सेवा) जोडायचं का आणि जोडताना गूगलसोबत माहिती शेअर करण्याच्या चौकटींवर टिक करायची का. देणगीदारांना आकडे हवे आहेत. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, फुकट मिळतंय, सगळेच वापरतात. आपण काय लपवतोय?"

तिची अडचण खरी आहे. कुठलं पान वाचलं जातं हेच कळलं नाही, तर सुधारायचं काय? पण त्या रात्री मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे प्रत्येक भेटीची आपोआप होणारी नोंद, उघडला. पहाटे २ वाजून ४१ मिनिटं, मोबाइल फोन, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), पान 'घर सोडताना'. तीन मिनिटांनी तोच पत्ता, पान 'मुलांचा ताबा'. नाव कुठेच नव्हतं, तरी मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले. लपवायचं आपल्याला नाही, तिला आहे.

आता गूगलचं अ‍ॅनालिटिक्स आयपी पत्ता साठवत नाही, हे मान्य. पण कुकीमधून, म्हणजे वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीतून, ब्राउझरला एक क्रमांक मिळतो आणि तो दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो. चौकटी रिकाम्या ठेवल्या तरी भेटींची माहिती गूगलच्या सर्व्हरवर जातेच, फक्त आपल्या वतीने हाताळली जाते. गूगलच्या उत्पादनांसाठीची चौकट टिक केली, की तीच माहिती गूगल स्वतःच्या सेवा सुधारायलाही वापरू शकतं. त्या टिकचा अर्थ एवढा आहे, आणि ती करणार आपण, तिला न विचारता.

बैठकीत दुसरा सूर होता, "कायदा काय म्हणतो ते बघू." आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. इथे काय झालं तेही सांगते. ऑस्ट्रियाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने एका आरोग्यविषयक वेबसाइटचा गूगल अ‍ॅनालिटिक्सचा वापर युरोपीय नियमांविरुद्ध ठरवला. जानेवारी २०२२ मध्ये तो निर्णय जाहीर झाला. कारण, अमेरिकेत गेलेली माहिती तिथल्या गुप्तचर यंत्रणांपासून सुरक्षित राहील याची पुरेशी हमी नव्हती. फ्रान्स आणि इटलीनेही त्याच वर्षी तसंच म्हटलं. मग जुलै २०२३ मध्ये युरोप आणि अमेरिकेची नवी व्यवस्था आली आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला. दीड वर्षात नियम इकडचा तिकडे झाला, वाचणारीची भीती होती तशीच राहिली. म्हणून कायद्याची वाट बघणं मला पटत नाही. आणि वेबसाइट उघडताच कुकींना परवानगी मागणाऱ्या इथल्या संमतीच्या पट्ट्यांचंही कौतुक नको. ट्राममध्ये शेजारचा माणूस न वाचताच 'सगळं मान्य' दाबतो, मीही घाईत असले की तेच करते. रात्री अडीचला घाबरलेल्या बाईपुढे ती पट्टी टाकायची आणि म्हणायचं, विचारलं होतं की?

मी मांडणार आहे ते असं. माटोमो हे मोजणीचं सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवायचं, कुकी बंद ठेवायच्या, आयपी पत्त्याचे शेवटचे दोन भाग पुसायचे. देणगीदारांना महिन्याला कुठलं पान किती वेळा उघडलं गेलं, एवढंच द्यायचं. यात नुकसान आहे: तीच बाई पुन्हा आली की दुसरी, हे नीट कळणार नाही. ते मला चालेल. देणगीदारांना समजावून सांगायला मी स्वतः येईन.

पटवून द्यायला त्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट दाखवावा, असं मनात आलं होतं. काढलाही होता. नंतर पुसून टाकला आणि सर्व्हरचे लॉग सात दिवसांनी आपोआप उडतील अशी सोय केली.