काकांचं जीजीटी

गेल्या दिवाळीत सांगलीहून फोन आला. विम्याच्या तपासणीत काकांचं जीजीटी, म्हणजे दारूनंही वाढणारं यकृताचं एक एन्झाइम, वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी काकूंसमोरच विचारलं, "घेता का?" काकांचं व्यसन म्हणजे जेवणानंतरची सुपारी. यकृतावर चरबी होती, एवढंच. तरी आठवडाभर काकू त्यांच्याकडे जरा निरखूनच बघत होत्या.

जीजीटी चरबीनं वाढतं, काही औषधांनीही वाढतं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, दारूनं वाढतो तसा बी-१२ कमी पडल्यानंही वाढतो. आणि शाकाहारी मराठी घरांत बी-१२ची रडकथा कुणाला नवीन नाही. अशा आकड्यांवरून कुणाला दारुडा ठरवणं म्हणजे धूर दिसला की होळीच पेटली म्हणण्यासारखं.

मी राहतो त्या स्टॉकहोममध्ये अशी शंका आली की डॉक्टर सीडीटी किंवा पेथ या रक्ततपासण्या मागवतात. सीडीटीवरचं सुरुवातीचं काम १९७०च्या दशकात स्वीडनमध्येच झालं. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन. काही आठवडे रोज भरपूर प्यायलं की साखरेच्या साखळ्या गळालेली त्याची रूपं वाढतात; तीच सीडीटी. पण आधी प्रत्येक किटचा हिशेब वेगळा: कुणी एक रूप मोजी, कुणी दोन-तीन, कुणी टक्के देई, कुणी लिटरमागे युनिट. रक्त तेच, पण एका लॅबमध्ये माणूस पिणारा, दुसरीत निर्व्यसनी! अखेर २००५ साली आयएफसीसी या लॅब-तपासण्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं कार्यगट नेमला. डायसायलोट्रान्सफेरिन हे एकच रूप मोजायचं, एकूण ट्रान्सफेरिनच्या टक्क्यांत सांगायचं आणि एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीशी ताडून बघायचं, असं ठरलं.

पेथ हा रक्तातला पदार्थ तर दारू पोटात गेल्याशिवाय तयारच होत नाही. इथे ०.३० मायक्रोमोल प्रतिलिटरच्या वर गेलं की अतिसेवन मानतात. इतरत्र २०० नॅनोग्राम प्रतिमिलिलिटर म्हणतात, पण हिशेब केला तर दोन्ही जवळपास एकच. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्यांचं लायसन्स अशा आकड्यांवर अडू शकतं. म्हणून तर मापाचा हा काटेकोरपणा. रक्त घेण्याआधी नर्स ओळखपत्र बघते, तेव्हा सुरुवातीला मला तो उगाच सोपस्कार वाटायचा.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण इंजिनिअर गाडीखाली गेले आणि आरोपीचा रक्तनमुनाच बदलल्याचा आरोप झाला. मग मला त्या ओळखपत्राची किंमत कळली. आपल्याकडे वाद होतात ते दारूबंदी ठेवावी की उठवावी यावर. चंद्रपुरात २०१५ला लागू केली, २०२१ला उठवली. रक्त कुणाचं, मोजलं कशानं, हे प्रश्न एखादं प्रकरण गाजेपर्यंत कुणाला सुचत नाहीत. लॅबसाठी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे, पण ती ऐच्छिक.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. पेथ ०.२९ आणि ०.३१ आलेल्या दोन माणसांत फरक तो काय? तरी एकाला पत्र येतं, दुसऱ्याला येत नाही. पण निदान त्या दोघांना मोजलेलं असतं एकाच पट्टीनं, आणि न पिणाऱ्यालाच त्याचा जास्त आधार. माझ्या काकांसारख्याला.

परवा काकांनी विचारलं, "ती तुझी तिकडची तपासणी इथे होते का रे?" मी म्हटलं, करून मिळेल कुठेतरी; पण कुठल्या लॅबचा आकडा विमावाले मानतील, ते आधी विचारून घ्या. त्यांनी विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.