साल्मिंगला टाळ्या कशाच्या पडल्या?

नमस्कार. स्वीडिश आइस हॉकीपटू बोर्ये साल्मिंगवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘एकही स्टॅनले कप नाही, तरी एवढं कौतुक? आजारी पडला म्हणून लोक हळवे झाले, आणि त्यांच्यासोबत तुम्हीही.’

कपाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या हॉकी लीगच्या विजेतेपदाचं, खरंच आहे. टोरोंटो मेपल लीफ्सकडून १९७३ ते १९८९ खेळला, मग एक हंगाम डेट्रॉइटला काढला. कप हाती लागला नाही. सर्वोत्तम बचावपटूच्या नॉरिस ट्रॉफीसाठीही दोनदा दुसराच आला.

पण आजाराचं म्हणाल तर तारखा बघा. एएलएस, म्हणजे हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार, झाल्याचं जाहीर झालं ऑगस्ट २०२२ मध्ये. मी सांगतोय ते १९७६ चं. कॅनडा कप स्पर्धेत साल्मिंग स्वीडनच्या जर्सीत, म्हणजे पाहुण्या संघाकडून, टोरोंटोच्याच मेपल लीफ गार्डन्समध्ये, लीफ्सच्या घरच्या मैदानात, उतरला. त्याचं नाव पुकारलं आणि प्रेक्षक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. पंचवीस वर्षांचा धडधाकट गडी होता तेव्हा तो. कीव कोण कशाला करेल?

त्या काळी तिकडे स्वीडिश खेळाडूंना ‘चिकन स्वीड’, म्हणजे भित्रे स्वीडिश, म्हणून हिणवायचे. नाजूक, दोन धक्के बसले की पळतील, असा समज. आणि हा किरुनाचा, आर्क्टिकमधल्या खाणगावचा. पाच वर्षांचा असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. गोलवर सुसाट येणारी ती टणक रबरी चकती अडवायला हा सरळ तिच्यासमोर आडवा पडायचा. लीफ्ससाठी त्याचे ६२० असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या गोलला हातभार लावणारे पास, आहेत, पण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलं ते हे आडवं पडणं. नोव्हेंबर १९८६ मध्ये गोलसमोरच्या गर्दीत तो खाली असताना दुसऱ्याच्या स्केटचं पातं तोंडावरून फिरलं. कपाळापासून ओठापर्यंत चीर, दोनशेच्या वर टाके.

एक गोष्ट मात्र तुम्ही काढली नाहीत, ती मीच काढतो. त्याच वर्षी, पूर्वी कोकेन घेऊन पाहिल्याची कबुली त्याने मुलाखतीत दिली आणि त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली. लेखात हे यायला हवं होतं. भक्तिभावात राहून गेलं, तेवढे कान जरूर धरा.

आता नोव्हेंबर २०२२. साल्मिंगची वाचा गेली होती, तरी तो टोरोंटोला आला. पहिल्या संध्याकाळी त्याचा जुना कप्तान डॅरिल सिटलर शेजारी उभा राहून ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी लीफ्सने सामन्याची सुरुवात करताना बर्फावर उतरणारे सहाच्या सहा खेळाडू स्वीडिश ठेवले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २४ तारखेला, साल्मिंग गेला.

टोरोंटोतल्या त्या दोन दिवसांत लोक हळवे झाले होते, नाही कशाला म्हणू? पण सिटलर कपासाठी रडत नव्हता. कप त्यालाही कधी मिळाला नाही.